स्वल्प म्हणजे किती

के. आर. पुरम, बेंगळूर
६ फेब्रुवारी २०२५
सकाळचे साडेआठ. तापमान १९ अंश, आर्द्रता ६४ टक्के, वारा पूर्वेकडून.

श्रीमती शिवलीलाबाई हुक्केरी, आमच्या विहीणबाई, यांस रत्नाकर खांबेटे याचा नमस्कार.

आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून तुम्ही बाहेर पडलात त्याला आज तेवीस दिवस झाले. कारण पवित्राने मला हळूच सांगितलं. सूनबाई स्वभावाने गोड, पण आकडा तिने लपवला नाही: मी रोज सरासरी एकतीस माहितीपर संदेश पाठवतो आणि त्यांनी तुमचा फोन तुंबला. तुमचा निरोपही पोचला. "व्याहीबुवांना एवढं सांगायचंच असेल तर हाताने लिहून टपालाने पाठवा, मग किती सांगायचंय ते त्यांच्या बोटांना कळेल." मान्य. तसंही के. आर. पुरमहून शिवाजीनगरला तुमच्या दारी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात टपाल येऊन उत्तरही निघेल.

आता कामाचं. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं मी 'बेंगळूर-कोश' रचतो आहे, नव्याने इथे येणाऱ्या मराठी माणसासाठी. बसमार्ग, झाडं, देवळं, बाजाराचे वार, रोजच्या वापरातले कन्नड शब्द. एकूण कार्डं अकरा हजार दोनशे चाळीस. महाराष्ट्र मंडळ पाडव्याला तो छपाईला देणार आहे. त्यांची अट एकच. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कुणीतरी तपासून प्रस्तावना लिहायची. तुम्ही निपाणीच्या, घरात मराठी आणि दारात कन्नड. वर तेहतीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्स. तुमच्याहून योग्य माणूस माझ्या यादीत नाही. यादी सतरा जणांची होती. 'स' अक्षराची पानं सोबत पाठवतो.

एक चांगली बातमी. मी आमच्या अपार्टमेंट असोसिएशनचा सचिव आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेटासमोर होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या झाडाखाली गंगव्वा म्हणून एक बाई इस्त्रीची गाडी लावते. ती जागा पाहुण्यांच्या मोटारींसाठी हवी आहे. अध्यक्ष म्हणाले, हलवा. मी म्हटलं, आधी माहिती. मग मी मागच्या गेटापर्यंतचं अंतर मोजलं (३१० मीटर), चढ मोजला (शून्य), सावलीचे तास मोजले (फक्त एक कमी), आणि खुद्द गंगव्वालाही विचारलं. कोणाची हरकत नाही. २३ मार्चच्या सभेत ठराव मंजूर होईल. असं काम आमच्या वसाहतीत आजवर झालेलं नाही, असं अध्यक्ष म्हणाले.

सौ. प्रतिमाचा नमस्कार.

आपला,
रत्नाकर

---

शिवाजीनगर
१० फेब्रुवारी

रत्नाकरराव, नमस्कार.

पाकीट बघून आधी वाटलं, कुठल्या तरी कचेरीची नोटीस आली. मग आतून हवामान निघालं, तेव्हा कळलं तुमचंच.

'स'ची पानं वाचायला बसले. सरी, साकु, सप्पा, सारू, सगळं नीट. सारूचे, म्हणजे आमच्या पातळ आमटीचे, तर तुम्ही नऊ प्रकार दिलेत. मी या गावात एवढी वर्षं जेवते आहे, मला सहा माहीत होते. कौतुक वाटलं, खोटं नाही सांगत.

मग एक्केचाळिसाव्या पानावर थांबले. तिथे तुम्ही लिहिलंय:

"स्वल्प: थोडे, किंचित. उदा. 'स्वल्प तोंदरे, अष्टे', म्हणजे 'थोडासा त्रास होईल, एवढंच.' (गंगव्वा, इस्त्रीवाली, जागा हलवण्याविषयी विचारले असता.)"

मी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. रत्नाकरराव, तुम्ही त्या बाईला विचारलंत तेव्हा गळ्यात सचिवाचा बिल्ला होता का? हातात वही होती का? उभे होता की बसला होता? तिची इस्त्री चालू होती की तुम्हाला बघून तिने ती बाजूला ठेवली? हे तुमच्या कार्डावर काहीच नाही. आणि जे आहे ते चूक आहे.

प्रस्तावना मी देणार नाही. हे एक कार्ड दुरुस्त झाल्याशिवाय बाकीच्या अकरा हजार दोनशे एकोणचाळीस कार्डांवर माझी सही होणार नाही. राग मानू नका, विहीण म्हणून मला एवढा हक्क असतो असं धरून चालते.

प्रतिमाताईंना सांगा, मागच्या वेळची कोबीची वडी झकास होती.

शिवलीला

---

के. आर. पुरम
१४ फेब्रुवारी
सकाळचे सात. १८ अंश. ढग नाहीत.

विहीणबाईंस नमस्कार.

राग मानला नाही. एक दिवस मानला होता, मग सोडला.

तुमचा आक्षेप मी शास्त्रीय पद्धतीने तपासायला घेतला. तीन दिवस बसथांबा, दुकानं, बँक, रिक्षा आणि आमच्या वसाहतीचा लिफ्टवाला यांच्याकडे मी 'स्वल्प' हा शब्द टिपत फिरलो. वापर एकूण २१४. 'स्वल्प थांबा' असं म्हटल्यावर प्रत्यक्षात थांबावं लागतं सरासरी सदतीस मिनिटं. 'स्वल्प पुढे' असलेलं ठिकाण सरासरी एक पूर्णांक चार किलोमीटर दूर निघतं. 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे 'थोडं सरकून घ्या', म्हणत बाकावर शेजारी टेकलेला माणूस बाकाचा सरासरी छप्पन्न टक्के भाग घेतो. तेव्हा कार्ड मी असं दुरुस्त केलं आहे: "स्वल्प: थोडे, परंतु व्यवहारात अपेक्षेच्या सुमारे चौपट." आता तरी सही होईल ना?

गंगव्वाच्या उत्तराला चौपट केलं तरी 'मध्यम त्रास' एवढंच भरतं. तेवढा प्रत्येक बदलात होतोच.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. बिल्ला: होता. वही: होती. मी: उभा. इस्त्री: लक्ष दिलं नाही.

आणखी एक, तुम्हाला कुठून तरी कळण्याआधी मीच सांगतो. पाहुण्यांच्या मोटारींची कल्पना मुळात माझी. आमचा क्षितिज आणि पवित्रा मारतहळ्ळीहून रविवारी येतात, त्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही, अर्धा तास फिरत बसतात आणि पोर वैतागून जाते. तुमचीच पोर. तेव्हा हे सगळं थोडंफार तुमच्यासाठीही आहे.

रत्नाकर

---

शिवाजीनगर
१९ फेब्रुवारी

रत्नाकरराव,

तुमचं 'चौपट' वाचून इतकी हसले की शेजारच्या चंद्राबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "इवरु ओळ्ळेयवरु," म्हणजे माणूस चांगला आहे. मी म्हटलं, चांगला आहे, पण बहिरा आहे. लोक कानाने बहिरे असतात, तुम्ही वहीने.

शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू गेलं. माझ्या लेकीची गाडी उभी राहावी म्हणून एक बाई उठवली जाणार, आणि ते माझ्यासाठी? असलं देणं मला नको. पवित्राला विचारा, तिलाही नको असेल.

आता मी एक गोष्ट सांगते. ती मी पवित्राच्या वडिलांनाही सांगितली नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. वॉर्डात सोयराबाई नावाची बाई आली, आपल्याच सीमेवरची. पोट धरून बसलेली. मी विचारलं, किती दुखतं? ती म्हणाली, "स्वल्प." मला दोन्ही भाषा येत होत्या. दोन्हींत मी हुशार होते, तुमच्यासारखीच. मी केसपेपरवर लिहिलं, किरकोळ दुखणं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि पुढच्या खाटेकडे गेले. संध्याकाळी तिचं आतडं फुटलं. सव्वा महिना ती आमच्याकडे होती. वाचली, पण त्यात माझा काही वाटा नव्हता. जाताना मी तिला रडत विचारलं, बाई, मला नीट का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "तुला किती कामं होती गं, अक्का. तुझ्या हातात कागद होता."

त्या दिवसापासून मी कुणालाही किती दुखतं असं विचारलं नाही. तो काय करायचा थांबला आहे, ते बघायचे. पाणी प्यायचा थांबलाय का, कुशीवर वळायचा थांबलाय का, बायकोशी भांडायचा थांबलाय का.

तुम्हाला औषध लिहून देते. पंधरा दिवस रोज दीड तास गंगव्वाच्या गाडीपाशी बसायचं. वही नाही, पेन नाही, बिल्ला नाही, फोन घरी. प्रश्न एकही विचारायचा नाही. ती काय करायची थांबली आहे ते बघा.

जमेल का?

शिवलीला

---

के. आर. पुरम
२ मार्च
तापमान पाहिलं नाही.

विहीणबाई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. सोयराबाईंबद्दल काय लिहावं ते कळलं नाही, म्हणून इतके दिवस काहीच लिहिलं नाही. पवित्राला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आम्ही मेट्रोने येऊ. तुम्हाला कुणी सांगितलं जागा हवी म्हणून?" कुणी सांगितलं नव्हतं. मीच मोजलं होतं.

औषध सुरू केलं. आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी गंगव्वाने मला बघून इस्त्री बाजूला ठेवली आणि पदर सावरून उभी राहिली. मी हाताने 'चालू दे' अशी खूण केली. तिने एक पालथी बादली पुढे सरकवली, "कूडरी, साहेबरे." मी बसलो. दीड तास आम्ही दोघं गप्प. इतका अवघडलेला मी मुलाखतीतही नव्हतो. बोटं आपोआप खिशाकडे जायची, पेनासाठी. येणारे-जाणारे विचारायचे, खांबेटे सर, कपडे द्यायला आलात का? वॉचमन दर दहा मिनिटांनी बघून जायचा.

काल तिने मोठी चादर काढली आणि तिचं दुसरं टोक न बोलता माझ्या हातात दिलं. मी उलटीकडून घडी घातली. तिने घडी मोडून परत टोक दिलं. तिसऱ्या वेळेला जमलं.

हे सगळं कशासाठी चाललंय, मला अजून कळलेलं नाही. पण उद्याही जाणार आहे.

रत्नाकर

---

शिवाजीनगर
५ मार्च

रत्नाकरराव,

तिने तुम्हाला चादरीचं टोक दिलं. शाबास! निम्मं काम झालं. निम्मं राहिलं आहे, आणि सभेला अठराच दिवस आहेत. बसा.

शिवलीला

---

के. आर. पुरम
१३ मार्च

विहीणबाई,

आता लिहितो. वही आज पंधरा दिवसांनी उघडली आहे.

मागच्या लिहिण्यात माझी जी अक्कल दिसली तिची मला लाज वाटते. क्रमाने सांगतो.

आठव्या दिवशी मागच्या टॉवरमधली एक मुलगी कपड्यांची पिशवी घेऊन गंगव्वाकडे आली. गंगव्वाने पिशवीला हात लावला नाही. मान हलवली आणि मागच्या गेटाकडे बोट दाखवलं. "अदु दयानंदंदु." ते दयानंदचं. मुलगी म्हणाली, तिकडे लांब पडतं, तुम्हीच घ्या. ही हसली, पण पिशवी घेतली नाही. मला वाटलं, काहीतरी भांडण असेल.

दहाव्या दिवशी गंगव्वाच्या गाडीवर कपड्यांचे दोन ढीग. एक ती नेहमी बांधते त्या निळ्या गाठोड्यात, दुसरा वेगळ्या लाल गाठोड्यात. तिने दोन्ही केले, मान वर न करता. दुपारी एक सडपातळ गृहस्थ हाताला बँडेज बांधून आले, लाल गाठोडं उचललं, दोन शब्द बोलले, गेले. तो दयानंद. मागच्या गेटाचा इस्त्रीवाला. हात भाजला म्हणून त्याच्या गिऱ्हाइकांचे कपडे ही करून देत होती आणि जसेच्या तसे त्याच्या हातात ठेवत होती, म्हणजे गिऱ्हाईक त्याचंच राहील.

विहीणबाई, त्या क्षणी माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला! मी अंतर मोजलं, चढ मोजला, सावली मोजली. मागचं गेट कुणाचं आहे, हे मी मोजलंच नव्हतं. या लोकांनी गल्ल्या आपसांत वाटून घेतलेल्या आहेत. कुठे लिहिलेलं नाही, कुणी सही केलेली नाही, आणि कुणी मोडतही नाही. मागच्या गेटाला पाठवणं म्हणजे गंगव्वाला दयानंदच्या पोटावर उभं करणं. ती तिथे गाडी लावणार नाही. कधीच नाही.

मग ती काय करणार? तुमचं वाक्य आठवलं: काय करायची थांबली आहे ते बघा. मी बघत बसलो. झाडाच्या बुंध्याशी वीट-पत्र्याचा एक आडोसा आहे, तिचा कोळसा तिथे असतो. पूर्वी पोतं असायचं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या पोत्यामुळे गेटाची शोभा जाते अशी नोंद माझ्याच तक्रारवहीत आहे. आता तिथे पोतं नाही. ती रोज सकाळी दिवसापुरता कोळसा एका पिशवीतून आणते. मी तिला मोजणी करायला भेटलो त्या आठवड्यापासून पोतं बंद झालेलं आहे.

साठा करायची ती थांबली आहे; ती गावी परत जाणार आहे. मला 'स्वल्प' म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिने निघायची तयारी सुरू केली. मी मात्र ते उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून कोशात उदाहरण म्हणून दिलं.

घरी येऊन प्रतिमाला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मग? मला माहीत आहे. जानेवारीतच तिने मला तिची तुळस देऊ केली." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सात प्रश्न विचारत होता, त्यात हा नव्हता." बाल्कनीत तुळशीची नवी कुंडी तेव्हापासून आहे. मी तिला पाणीही घातलं आहे.

सभेला दहा दिवस आहेत. ठरावाखाली माझी सही आहे, माझी आकडेवारी आहे, आणि 'संबंधित व्यक्तीची हरकत नाही' हे वाक्यही माझंच आहे. काय करू?

रत्नाकर

---

शिवाजीनगर
१७ मार्च

रत्नाकरराव,

पत्र वाचून डोळे भरून आले. चंद्राबाईंना वाचून दाखवलं नाही, हे माझ्यापुरतं ठेवलं.

काय करू म्हणून विचारता? बोला. सभेत उभं राहा आणि बोला. आणि कन्नडमध्ये बोला. पवित्राच्या लग्नात माझ्या माहेरच्या सगळ्या माणसांना तुम्ही एकच वाक्य ऐकवलं होतंत, "कन्नड गोत्तिल्ल," कन्नड येत नाही. चौतीस वर्षं या गावात राहून तुम्ही तेवढंच अस्खलित बोलत आलात. पंधरा दिवस त्या बादलीवर बसून कानात काहीतरी शिरलं असेलच. चुकलं तर चुकू द्या. गंगव्वा तिथे येईल का? यायला हवी. तिच्याविषयी तिला न कळणाऱ्या भाषेत ठरवायचं, हे आता पुरे.

आणि तुमची वही परत हातात घ्या. मी ती कायमची टाकायला सांगितली नव्हती. औषध पंधरा दिवसांचंच होतं.

शिवलीला

---

के. आर. पुरम
२४ मार्च

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

काल सभा झाली. ऐका.

हॉलमध्ये सत्तेचाळीस घरांचे लोक. गंगव्वाला प्रतिमा हाताला धरून घेऊन आली. ती खुर्चीवर बसेना, दाराशी उभी राहिली. दयानंदही तिच्यामागे. अध्यक्षांनी इंग्रजीत ठराव वाचला, माझ्या आकडेवारीची तारीफ केली आणि म्हणाले, खांबेटे सर अनुमोदन देतील.

मी उठलो. पहिलं वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोकलं होतं. "नन्नदे तप्पु." चूक माझीच आहे. विहीणबाई, ते दोन शब्द बोलायला जो दम लागला तो मला कुठल्याच परीक्षेत लागला नव्हता.

पुढचं वाक्य अडलं. क्रियापद कुठे गेलं कोण जाणे. दाराशी गंगव्वाने ओठ हलवून सांगितलं, मी उचललं, लोक हसले, आणि त्या हसण्याने माझी भीती गेली. मोडकं-तोडकं बोललो, पण बोललो.

मग मी वही काढली. तक्रारवही! चार वर्षांची, सगळी माझ्या हातची नक्कल. म्हटलं, चौथ्या मजल्याच्या विद्याताई, गेल्या ऑगस्टात लिफ्ट बंद होती तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? त्यांना आठवेना. मी वाचलं: "लिफ्ट, स्वल्प प्रॉब्लेम." विचारलं, किती त्रास झाला होता? विद्याताई ताडकन उठल्या. "किती म्हणजे? माझा गुडघा! तीन दिवस मी खाली उतरले नाही! दूधसुद्धा दोरीने वर ओढलं!" पण तुम्ही तर 'स्वल्प' लिहिलंत. त्या म्हणाल्या, "मग काय लिहू? तुम्ही एवढी धावपळ करत होता."

मी पुढचं पान उलटलं. पाण्याचा टँकर आला नाही: स्वल्प. तळघरात पाणी शिरलं: स्वल्प. ज्यांनी लिहिलं होतं ते सगळे एकेक करून उभे राहिले. कानडी, तेलुगू, बंगाली, मराठी, या गावात जो राहिला त्याने हा शब्द उचलला आहे. चार वर्षांत सेहेचाळीस वेळा. आणि सेहेचाळीसपैकी एकाही वेळी तो त्रास थोडा नव्हता!

मग मी दाराकडे हात केला आणि कन्नडमध्येच म्हणालो, या बाईनेही मला तेच सांगितलं होतं, आणि मी ते थोडं म्हणून लिहिलं. दयानंदच्या गेटाचं सांगितलं, कोळशाच्या पोत्याचं सांगितलं. गंगव्वाने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं होतं, पोतं बंद झालेलं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मतं घेतली. ठरावाच्या बाजूने सहा, विरुद्ध एक्केचाळीस. अध्यक्षांचा हातही एक्केचाळिसांत होता. पुढे त्यांनीच सुचवलं, गाडी कायमची तिथेच राहील असं लेखी द्यावं, आणि कागद कन्नडमध्ये असावा. विद्याताईंनी तो तिथल्या तिथे लिहून काढला आणि उभं राहून दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. टाळ्या इतक्या वाजल्या की वॉचमन धावत आला.

खाली उतरल्यावर मी झाडाशी गेलो. तुमची बंदी संपली होती, म्हणून त्या मोजणीनंतर पहिल्यांदा तिला एक प्रश्न विचारला. म्हटलं, "खुषी आयता, गंगव्वा?" झाली का खूश?

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं तिला भान नव्हतं. मान थोडी वाकडी करून म्हणाली,

"स्वल्प."

मी काही लिहून घेतलं नाही. गरज नव्हती. आज सकाळी बाल्कनीतून पाहिलं, आडोशाला कोळशाचं पोतं आलं आहे, पूर्ण भरलेलं. प्रतिमाने तुळस परत नेऊन दिली. गंगव्वाने ती घेतली, आणि तिची एक फांदी तोडून आमच्या कुंडीसाठी दिली.

कार्ड दुरुस्त केलं आहे. आता ते असं आहे: "स्वल्प: किती, ते म्हणणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही." उदाहरण खोडून टाकलं. कोशाचं नाव बदलावं की काय या विचारात आहे. प्रस्तावनेचं आता मागत नाही. तुम्ही द्याल तर आनंद होईल, नाही दिलीत तरी जे मिळायचं ते मला मिळालेलं आहे.

तुमचा,
रत्नाकर

---

शिवाजीनगर
३० मार्च, पाडवा, आणि आमची युगादी

रत्नाकरराव,

तुमचं पत्र मी देवापुढे ठेवलं आणि मग चंद्राबाईंना, खालच्या बेकरीवाल्याला, दुधवाल्याला, सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या गल्लीत आज तुमचं नाव आहे. सोयराबाई कुठे असेल ठाऊक नाही, असली तर तिला कळवावंसं वाटलं.

नाव बदलू नका. अकरा हजार दोनशे चाळीस कार्डं राहू द्यात, सारूचे नऊ प्रकारही राहू द्यात. ती वही नसती तर त्या सगळ्यांना तुम्ही उभं कसं केलं असतं? माणूस कळला की त्याच्याविषयी जमवलेलं सगळं कामाला येतं.

दुपारी पवित्रा आणि क्षितिज मला घेऊन मेट्रोने तुमच्याकडे येणार आहेत. मला आधी गंगव्वाला भेटायचं आहे. एक चादर घेऊन येते, एक टोक तुम्ही धरा. आणि मला परत त्या ग्रुपात घ्या, पण दिवसाला एकच संदेश चालेल.

प्रस्तावना खाली लिहिली आहे. एकच ओळ आहे. मंडळाला म्हणावं, जशीच्या तशी छापा, एक अक्षर वाढवू नका.

"या कोशाचे कर्ते श्री. रत्नाकर खांबेटे यांना बेंगळूर स्वल्प समजलं आहे.
— शिवलीला हुक्केरी"